टर्बाइनमधून जाणारं पाणी मोजायचं कसं? पायथा वीजगृहात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

कंट्रोल रूमच्या पॅनेलवर मेगावॅटचा आकडा असतो आणि बहुधा त्याच्या शेजारीच विसर्गाचा. पहिला आकडा मोजलेला असतो. दुसरा अनेक वीजगृहांत मोजलेला नसतो. मेगावॅट आणि जलाशयाची पातळी घेऊन, टर्बाइन बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यावरून तो उलट काढलेला असतो. हा तक्ता नव्या कोऱ्या रनरचा, म्हणजे टर्बाइनच्या फिरणाऱ्या चाकाचा. पुढे रनर गाळाने झिजतो, सीलच्या फटी वाढतात, तेवढ्याच विजेसाठी यंत्र जास्त पाणी ओढू लागतं. तक्त्याला यातलं काहीच कळत नाही आणि लॉगबुकात तोच विसर्ग पडत राहतो. मेगावॅटवरून काढलेल्या विसर्गाने टर्बाइनची कार्यक्षमता तपासली, तर उत्तर दरवर्षी तेच येणार, कारण ते आधीच तक्त्यात बसलेलं आहे.

म्हणून विसर्ग विजेच्या मीटरपासून स्वतंत्र मार्गाने मोजायला हवा. तो कसा मोजायचा, ते पुढे क्रमाने दिलं आहे. आकड्यांसाठी सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: ५ मेगावॅटचं फ्रान्सिस (टर्बाइनचा एक प्रकार) यंत्र, नक्त हेड (वाटेतलं नुकसान वजा करून टर्बाइनला मिळणारी पाण्याची उंची) ४० मीटर, पेनस्टॉकचा (टर्बाइनला पाणी आणणाऱ्या पाईपचा) आतला व्यास २.२० मीटर, पूर्ण भाराला विसर्ग साधारण १४.५ घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे सुमारे ५१२ क्युसेक. पेनस्टॉकमधला वेग ३.८ मीटर प्रतिसेकंद.

१. कशासाठी मोजताय, ते आधी ठरवा

विसर्ग मोजण्याची कारणं तीन आणि प्रत्येकाची गरज वेगळी.

पहिलं कारण, नव्या किंवा दुरुस्त केलेल्या यंत्राची स्वीकृती चाचणी. इथे विसर्गाची खरी किंमत हवी, कारण त्यावर कंपनीचे पैसे अडतात. मोठ्या यंत्रांसाठी आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) ६००४१ हे १९९१चं मानक वापरतात आणि लघु जलविद्युतसाठी आयईसी ६२००६ हे २०१०चं. करारात कोणतं लिहिलंय ते वाचल्याशिवाय पद्धत निवडू नका.

दुसरं कारण, पाण्याचा हिशोब. पायथा वीजगृहातून सुटलेलं पाणी पुढे कालव्यात किंवा नदीत जातं आणि सिंचनाच्या आवर्तनात धरलं जातं. आपल्या उदाहरणातल्या यंत्रात १ टक्का चूक राहिली आणि ते २०० दिवस पूर्ण भारावर चाललं, तर सुमारे २५ लाख घनमीटर पाणी, म्हणजे २.५ दलघमी (दशलक्ष घनमीटर), कागदावर इकडचं तिकडे होतं. कोयनेत हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर लागू होते. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने कोयनेचं पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. त्याचा १ टक्का म्हणजे सुमारे १९ दलघमी.

तिसरं कारण, तुलना. ओव्हरहॉलच्या आधी आणि नंतर काय फरक पडला, किंवा कॅप्लान यंत्रात (रनरच्या पात्यांचा कोन बदलता येतो अशा टर्बाइनमध्ये) गाईड व्हेनच्या (रनरकडे जाणारं पाणी कमी-जास्त करणाऱ्या झडपांच्या) कोणत्या उघडीपाला पात्यांचा कोणता कोन योग्य, एवढंच बघायचं असेल तर खरी किंमत लागत नाही. सापेक्ष विसर्ग पुरतो आणि खर्च खूपच कमी येतो.

२. जागा बघून पद्धत निवडा

पद्धत आपल्या आवडीने ठरत नाही, पाण्याच्या वाटेने ठरते.

लांब, सरळ पेनस्टॉक असेल तर अल्ट्रासोनिक. तसाच पेनस्टॉक आहे पण कायमचा मीटर बसवायचा नाही, तर गिब्सनची दाब-काल पद्धत. कालव्याच्या उतारावरचं कमी हेडचं कॅप्लान असेल, इनटेक (पाणी आत घेण्याचं तोंड) आखूड आणि चौकोनी असेल, तर स्टॉपलॉगच्या (पाणी अडवायला खाली सोडायच्या फळ्यांच्या) खाचेत बसणाऱ्या चौकटीवर करंट मीटरची (पाण्याचा वेग मोजणाऱ्या उपकरणांची) जाळी. स्पायरल केसिंग (रनरभोवतीचं शंखासारखं वळलेलं आवरण) आहे आणि रोजचा सापेक्ष विसर्ग हवाय, तर विंटर-केनेडी (टप्पा ८).

हेड १०० मीटरच्या वर असेल तर थर्मोडायनॅमिक पद्धतही खुली होते. खोपोली, भिरा, पोफळी इथल्या पेल्टन यंत्रांसारख्या उंच हेडच्या जागांसाठी ती योग्य. तिच्यात विसर्ग थेट मोजतच नाहीत. टर्बाइनमध्ये जी ऊर्जा वाया जाते तिने पाणी किंचित तापतं, ती तापमानवाढ मोजून कार्यक्षमता काढतात आणि तिच्यावरून विसर्ग. ४२७ मीटर हेड पूर्ण वाया गेलं तर पाणी १ अंश सेल्सिअसने तापतं. म्हणजे ५०० मीटर हेडवर १ टक्का नुकसान हा सुमारे ०.०१२ अंशाचा खेळ. हजारांश अंश वाचणारे प्रोब आणि अनुभवी चमू नसेल तर या वाटेला जाऊ नका.

नवख्या माणसासाठी पायथा वीजगृहात सगळ्यात उपयोगी जोडी म्हणजे एकदा अल्ट्रासोनिक किंवा गिब्सनने खरी किंमत काढायची आणि तिच्यावरून विंटर-केनेडी जुळवून घेऊन रोजची नोंद ठेवायची. पुढचा बराचसा भाग याच जोडीबद्दल आहे.

३. कागदपत्रं आणि साहित्य जमवा

कागदपत्रं:
- पेनस्टॉकचं जसं बांधलं तसं रेखाचित्र, वळणं, वाय-पीस (पेनस्टॉकला शाखा फुटते तो जोड) आणि व्हॉल्व्हच्या जागांसह
- स्पायरल केसिंगचं रेखाचित्र, दाबछिद्रांच्या जागा दाखवणारं
- टर्बाइनचा हिल चार्ट (वेगवेगळ्या हेड आणि विसर्गांना कार्यक्षमता दाखवणारा आलेख) आणि जनरेटरच्या कार्यक्षमतेचा चाचणी अहवाल
- सीटी, पीटी (मीटरसाठी विद्युतप्रवाह आणि व्होल्टेज कमी करून देणारे ट्रान्सफॉर्मर) आणि ऊर्जा मीटरची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं
- दाबमापक आणि करंट मीटरची प्रमाणपत्रं (करंट मीटर तपासून घेण्याची सोय पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात आहे)
- शटडाऊन आणि प्रवेशाचे लेखी परवाने

साहित्य:
- लेसर अंतरमापक किंवा दुर्बिणीसारखा लांबवता येणारा आतल्या मापाचा मायक्रोमीटर
- पोलादी टेप, अल्ट्रासोनिक जाडीमापक, सेंटर पंच, मार्किंग पेंट
- डिफरन्शियल प्रेशर ट्रान्समीटर (दोन जागांच्या दाबातला फरक थेट मोजणारा), पारदर्शक नळ्या, हवा काढायचे कॉक
- सेकंदाला किमान एक नोंद घेणारा डेटा लॉगर. गिब्सनसाठी याच्या शंभरपट वेगाचा
- तापमापक
- प्राणवायूमापक, २४ व्होल्टचे दिवे, हार्नेस, दोर

४. पेनस्टॉकमध्ये उतरण्याआधी

इथे घाई करायची नाही. इनटेक गेट बंद, शक्य तिथे स्टॉपलॉगही खाली, दोन्हींच्या मोटारीचा पुरवठा तोडून कुलूप आणि फलक. पेनस्टॉक पूर्ण रिकामा झाला आणि गेटची गळती निचऱ्यातून सुखरूप बाहेर पडतेय, हे बघितल्याशिवाय मॅनहोल उघडायचं नाही. वाय-पीसवरून सिंचनाची शाखा निघत असेल, तर तिच्यावरच्या व्हॉल्व्हकडून पाणी उलटं येऊ शकतं का तेही तपासा. हवा मोजा, प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली असेल तर आत जायचं नाही. आत माणूस असेपर्यंत मॅनहोलशी दुसरा माणूस उभा हवा आणि त्याला दुसरं कोणतंही काम द्यायचं नाही. उतारावरचा शेवाळलेला पेनस्टॉक फार निसरडा असतो, हार्नेसशिवाय कुणीही पाय टाकू नये.

५. व्यास नीट मोजा

बहुतेक चुका पाणी वाहायला लागण्याआधीच झालेल्या असतात आणि त्यातली सगळ्यात मोठी व्यासाची. विसर्ग म्हणजे वेग गुणिले क्षेत्रफळ आणि क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो. २.२० मीटरच्या पाईपात व्यास १० मिलिमीटरने चुकला तर विसर्ग ०.९ टक्क्याने चुकतो. मीटर कितीही महागाचा असू दे, ही चूक त्याला दुरुस्त करता येत नाही.

रेखाचित्रावर '२२००' लिहिलेलं असतं. तो आतला व्यास की बाहेरचा, रंगाआधीचा की नंतरचा, हे बऱ्याचदा कुणालाच सांगता येत नाही. प्लेट वाकवून वेल्ड केलेला पाईप पुरता गोलही नसतो. म्हणून:

- मोजमापाच्या जागी तीन छेद घ्या: जिथे सेन्सर बसणार त्याची वरची कड, मध्य आणि खालची कड.
- प्रत्येक छेदात ८ वेगवेगळ्या दिशांनी व्यास मोजा आणि सरासरी घ्या. लेसर अंतरमापक एका वाचनात एक-दीड मिलिमीटर इकडेतिकडे होतो, ८ वाचनांत ते बरंच निवळतं.
- गंजाच्या गाठी असतील तर आधी खरवडा. गाठीच्या टोकावर टेकवलेलं माप म्हणजे पाण्याला मिळणारा व्यास नव्हे.
- आत जाता येत नसेल तर बाहेरून घेर मोजा. घेर ७.००० मीटर भरला, तर बाहेरचा व्यास २.२२८. जाडीमापकाने प्लेट १४ मिलिमीटर आली, तर दोन्ही बाजूंचे मिळून २८ मिलिमीटर वजा करून आतला व्यास २.२००. जाडी एकाच ठिकाणी बघून थांबू नका, घेरावर ८ ठिकाणी बघा; तळाशी प्लेट गाळाने घासून पातळ झालेली असते. बाहेरच्या रंगाचा थरही वजा करायला विसरू नका.

मोजमापाची जागा वळणापासून लांब हवी. वरच्या बाजूला किमान १० व्यास आणि खालच्या बाजूला ३ व्यास सरळ पाईप, हा नियम आपल्या उदाहरणात २२ मीटर आणि ६.६ मीटर होतो. धरणाच्या पायथ्याशी इतकी जागा क्वचित मिळते. मिळत नसेल तर पुढच्या टप्प्यातला एकमेकांना छेदणाऱ्या दोन प्रतलांचा उपाय करा, आणि कमी लांबी अहवालात स्पष्ट लिहा.

एक फसगत हमखास होते. वाय-पीसच्या वर बसवलेला मीटर टर्बाइनबरोबर सिंचनाच्या व्हॉल्व्हचंही पाणी मोजतो. मोजमाप शाखा फुटल्यानंतरच हवं. तसंच थंडाव्यासाठीचं पाणी पेनस्टॉकमधून कुठे काढलंय ते शोधा. ते मीटरच्या खाली आणि रनरच्या आधी निघत असेल तर वेगळं मोजून वजा करावं लागतं.

६. अल्ट्रासोनिक मीटर बसवा

तत्त्व असं: ध्वनीची लहर प्रवाहाच्या दिशेने तिरकी पाठवली तर लवकर पोचते, उलट पाठवली तर उशिरा. दोन वेळांतल्या फरकावरून वेग. आपल्या पाईपात ४५ अंशाचा आतला मार्ग (आतले-बाहेरचे मार्ग पुढे येतात) सुमारे २.९६ मीटरचा होतो आणि लहर तो २ मिलिसेकंदांत कापते. पूर्ण भाराला जाण्या-येण्यातला फरक मात्र फक्त ७ मायक्रोसेकंदांचा. केबलची लांबी, सेन्सरचा स्वतःचा उशीर, हे सगळं मीटरमध्ये का भरायचं असतं ते यावरून लक्षात येईल.

*क्लॅम्प-ऑन*. पाईपच्या बाहेरून पट्ट्याने बांधायचा, अर्ध्या तासात वाचन देतो. मोह याच्याकडेच होतो. पण तो व्यासावरच्या एकाच मार्गाचा वेग बघतो आणि पाईपच्या मध्यात पाणी कडेपेक्षा वेगाने जातं, त्यामुळे कच्चा आकडा सरासरीपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त असतो. मीटर ती दुरुस्ती आपोआप करतो, पण प्रवाह पूर्ण स्थिरावलाय असं धरून. वळणाजवळ ते खरं नसतं. प्रत्यक्ष जागेवर ३ ते ५ टक्क्यांची अनिश्चितता धरून चाला. ताळा घ्यायला उत्तम, स्वीकृती चाचणीला नाही. बांधताना घड्याळाच्या ३ आणि ९च्या जागी बांधा. १२ला हवा असते, ६ला गाळ. खालचा रंग आणि डांबर घासून उघडी चकचकीत प्लेट काढा. आतून सिमेंटचं अस्तर असेल आणि ते प्लेटपासून सुटलं असेल, तर सिग्नल येणारच नाही.

*आतून बसवलेले बहुमार्गी सेन्सर*. खरी किंमत हवी असेल तर हे. नेहमीची रचना चार समांतर मार्गांची असते: दोन आतले, केंद्रापासून त्रिज्येच्या ०.३०९ अंतरावर आणि दोन बाहेरचे, ०.८०९ अंतरावर. आपल्या १.१ मीटर त्रिज्येला ही अंतरं ३४० आणि ८९० मिलिमीटर येतात. बेरीज करताना आतल्या मार्गांचं वजन ०.५९७७ आणि बाहेरच्यांचं ०.३६९३. वजनं या ठरावीक जागांसाठीच खरी आहेत. सेन्सर वेल्डिंगच्या सोयीसाठी दोन-तीन सेंटिमीटर सरकवला आणि वजनं तशीच ठेवली, की गणित बिघडतं.

जागा आखताना पाईपच्या अक्षाची रेघ आधी पक्की करा, मग प्रत्येक सेन्सरची जागा दोन माणसांनी वेगवेगळी मोजून जुळवा. कोनातली चूक महाग पडते. ४५ अंशाच्या मार्गात अर्धा अंश चुकला आणि मार्गाची रुंदी व्यासावरून वेगळी काढली असेल, तर विसर्ग ०.९ टक्क्याने चुकतो. रुंदीसुद्धा लांबी आणि कोन यांवरूनच काढली असेल तर १.७ टक्क्यांनी.

सरळ लांबी कमी असेल तर चार-चार मार्गांची दोन प्रतलं एकमेकांना छेदतील अशी बसवा. वळणामुळे पाण्याला आडवी गती असते. ती एका प्रतलात वेग वाढवून दाखवते आणि दुसऱ्यात तेवढाच कमी, आणि सरासरीत निघून जाते. दोन प्रतलांतला फरक लिहून ठेवा, आडवा प्रवाह किती आहे ते त्यातून कळतं.

पेनस्टॉक भरल्यावर या तीन तपासण्या करा:

- शून्य. इनलेट व्हॉल्व्ह आणि गाईड व्हेन दोन्ही बंद असताना मीटर शून्याच्या अगदी जवळ हवा. त्यानंतर फक्त व्हॉल्व्ह उघडला की दिसतो तो गाईड व्हेनच्या गळतीचा अंदाज. पुढे उपयोगी पडतो, लिहून ठेवा.
- ध्वनीचा वेग. मीटर प्रत्येक मार्गावर तोही काढतो. गोड्या पाण्यात २० अंशाला तो १४८२ मीटर प्रतिसेकंद असतो, २५ला १४९७, ३०ला १५०९. तापमान मोजून ताडून पाहा. एखादा मार्ग ४-५ मीटरने वेगळा निघाला तर त्याची लांबी चुकीची भरली आहे किंवा केबलचा उशीर चुकलाय.
- मार्गांतलं नातं. आतल्या दोन मार्गांवर वेग बाहेरच्या दोनांपेक्षा जास्त हवा. तसं नसेल तर केबलची अदलाबदल झालीय का ते आधी बघा, प्रवाहाला दोष मग द्या.

७. किंवा गिब्सनची पद्धत वापरा

१९२०च्या दशकात नॉर्मन गिब्सन यांनी रूढ केलेली ही पद्धत आजही भरवशाची आहे. चालू यंत्राचे गाईड व्हेन बंद करायचे, पेनस्टॉकच्या दोन छेदांमधला दाबाचा फरक त्या काळात नोंदवायचा आणि वक्राखालचं क्षेत्रफळ काढायचं. वाहतं पाणी थांबवायला जेवढा रेटा लागला, त्यावरून ते किती वेगाने चाललं होतं हे कळतं.

अटी पाळा. दोन छेदांतलं अंतर किमान १० मीटर, आणि अंतर गुणिले वेग किमान ५०. आपल्याकडे वेग ३.८ असल्याने १३.२ मीटर तरी हवेत. २० मीटर घेतले तर उत्तम. बंद गाईड व्हेनची गळती पूर्ण विसर्गाच्या ५ टक्क्यांहून जास्त नको, आणि ती मोजून उत्तरात मिळवावी लागते. नवखी माणसं इथेच चुकतात. गाईड व्हेन बंद झाले म्हणजे पाणी थांबलं असं धरतात आणि गळतीएवढा विसर्ग हिशोबातून निसटतो.

आकड्यात पाहा. अंतर २० मीटर, बंद व्हायला ८ सेकंद, तर दाबातला सरासरी फरक साधारण ९.५ किलोपास्कल, म्हणजे जेमतेम १ मीटर पाणी. ४० मीटर हेडच्या पेनस्टॉकवर दोन वेगवेगळे दाबमापक लावून त्यांची वजाबाकी करत बसू नका, एकच डिफरन्शियल ट्रान्समीटर लावा. वक्र नेमका कुठे संपतो ते ठरवताना गाईड व्हेन बंद झाल्यानंतरच्या दाबाच्या लाटा पूर्ण नोंदवा, निदान अर्धा मिनिट.

बंद करण्याची गती वाढवायची लालूच सोडा. गव्हर्नरवर (गाईड व्हेन आपोआप उघड-बंद करणाऱ्या नियंत्रकावर) बसवलेला बंद होण्याचा वेळ पेनस्टॉकच्या सुरक्षेसाठी ठरवलेला असतो, चाचणीसाठी तो बदलायचा नाही.

८. विंटर-केनेडीने रोजची नोंद

१९३३ साली विंटर आणि केनेडी या दोघांनी मांडलेली ही युक्ती. स्पायरल केसिंगमध्ये पाणी वळतं तेव्हा बाहेरच्या भिंतीवर दाब जास्त असतो, आतल्या बाजूला कमी. एकाच त्रैज्य छेदातल्या या दोन जागांच्या दाबातला फरक विसर्गाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. सूत्र: विसर्ग = स्थिरांक × दाबफरकाचा घात. घातांक जवळजवळ ०.५ असतो, प्रत्यक्षात ०.४८ ते ०.५२ मध्ये सापडतो.

स्थिरांक कंपनीच्या कागदावरून उचलू नका. अल्ट्रासोनिक किंवा गिब्सनने मिळालेले विसर्ग आणि त्याच वेळचे दाबफरक घेऊन तो तुमच्या यंत्रासाठी काढा. समजा १४.५ घनमीटरला फरक २.४० मीटर आला, स्थिरांक ९.३६. आता फरक ०.८६ मीटर दिसला तर विसर्ग सुमारे ८.७ घनमीटर, म्हणजे ६० टक्के.

छिद्रं ३ ते ६ मिलिमीटरची, भिंतीला काटकोनात, कडेला बर (ड्रिलने उरलेली धातूची कोर) नाही. बोट फिरवून बघा, नखाला काही लागलं तर एमरी पेपरने सपाट करा. छिद्राशेजारी वेल्डचा मणी असेल तर तोही घासून काढा.

यानंतरचा खरा शत्रू म्हणजे नळीतली हवा. उभ्या नळीत १० सेंटिमीटरचा बुडबुडा अडकला की दाबफरक ०.१० मीटरने चुकतो. पूर्ण भाराला त्याने विसर्ग २ टक्क्यांनी हलतो, पण ६० टक्के भाराला जवळजवळ ६ टक्क्यांनी. म्हणून 'पूर्ण भाराला जमतं, कमी भाराला बिघडतं' असं दिसलं की रनरकडे बघण्याआधी नळ्यांतली हवा काढा. नळ्या ट्रान्समीटरकडे सतत उतरत्या टाका, मध्ये उंचवटा करू नका, आणि उंच टोकाला कॉक ठेवा. गाळाच्या दिवसांत छिद्रं बुजतात. महिन्यातून एकदा स्वच्छ पाण्याने उलट दिशेने धुवून काढा.

इनटेकच्या जाळीत कचरा अडकून पाणी एका बाजूने येऊ लागलं, किंवा बटरफ्लाय व्हॉल्व्ह पूर्ण उघडला नाही, तरीही स्थिरांक सरकतो. जाळीच्या दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक दाबफरकाच्या नोंदीशेजारी लिहायची सवय लावा.

९. कालव्यावर ताळा घ्या

टेलरेसचं (टर्बाइनमधून बाहेर पडलेलं पाणी नेणाऱ्या वाटेचं) पाणी कालव्यात जात असेल तर तिथे मोजमापाची सोय बहुधा असतेच, स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम (कालव्याचा अरुंद केलेला भाग, जिथे पाणी उसळून उडी घेतं) किंवा पातळीची पट्टी. फ्ल्यूमवर उडी स्वच्छ पडतेय का ते डोळ्यांनी बघा. खालून पाणी फुगून उडी बुडाली असेल तर तक्ता लागू होत नाही.

करंट मीटरने मोजायचं असेल तर कालव्याची रुंदी २० किंवा जास्त पट्ट्यांत वाटा, कुठल्याही एका पट्ट्यातून एकूण विसर्गाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी जाणार नाही अशा बेताने. प्रत्येक ठिकाणी पृष्ठभागापासून खोलीच्या ०.२ आणि ०.८ वर वेग घ्या आणि सरासरी काढा. उथळ कडेला ०.६ वर एकच वाचन पुरे. कालव्यातला ताळा ४-५ टक्क्यांत जमला तर समाधान माना. १० टक्के फरक आला तर कुठेतरी ठोस चूक आहे. बाजूचा विमोचक (कालव्यातून पाणी सोडायचं दार) उघडा असणं, गेटची गळती, वाय-पीसवरचा सिंचनाचा व्हॉल्व्ह पूर्ण न मिटणं, या क्रमाने शोधा.

१०. चाचणीचा दिवस

भार प्रेषण केंद्राला आधी कळवून यंत्र चाचणीसाठी मोकळं करून घ्या. गव्हर्नर उघडीपाच्या मर्यादेवर धरा, नाहीतर ग्रिडची फ्रीक्वेन्सी हलली की गाईड व्हेनही हलतात. पॉवर फॅक्टर एकच्या जवळ ठेवा.

४० टक्क्यांपासून पूर्ण भारापर्यंत ८ ते १० टप्पे घ्या. टप्पा बदलल्यावर सर्ज (पाण्याच्या दाबाचे हेलकावे) आणि टेलरेसची पातळी स्थिरावू द्या, मग ५ ते १० मिनिटं नोंद. त्या काळात वीज ±१.५ टक्के, हेड ±१ टक्का आणि वेग ±०.५ टक्क्याबाहेर हलला तर तो टप्पा रद्द करून पुन्हा घ्या. चढत्या क्रमाने घेतल्यावर दोन-तीन टप्पे उतरत्या क्रमानेही घ्या. दोन्हींत फरक पडला तर गाईड व्हेनच्या जोडण्यांत ढिलाई आहे.

घड्याळं जुळवा. मीटर, ऊर्जा लॉगर आणि पातळी नोंदवणारा माणूस, तिघांच्या वेळा सकाळीच एक करून घ्या. दोन मिनिटांच्या फरकाने लिहिलेल्या नोंदींतून नंतर काहीही सिद्ध करता येत नाही.

११. हिशोब करा, मग आकडा बाहेर द्या

जागेवरच कार्यक्षमता काढा, साहित्य आवरण्याआधी. वीज भागिले (घनता × गुरुत्व त्वरण × विसर्ग × नक्त हेड). सह्याद्रीच्या परिसरात गुरुत्व त्वरण ९.८१ नाही, ९.७८ धरा. नुसत्या सवयीने ९.८१ घातलं तर ०.३ टक्क्याची चूक फुकट लागते. २५ अंशाला पाण्याची घनता ९९७.

समजा ५.०० मेगावॅट, ४०.० मीटर आणि मीटर म्हणतोय १३.४ घनमीटर. एकत्रित कार्यक्षमता ९५.७ टक्के निघते. जनरेटर ९६ टक्क्यांचा असेल तर टर्बाइन ९९.७ टक्क्यांची ठरते आणि अशी टर्बाइन कुठेही नाही. विसर्ग कमी मोजला गेलाय. व्यास, मार्गाची लांबी, बंद पडलेला एखादा मार्ग तपासा. तेच १४.५ आलं तर ८८.४ टक्के, लघु फ्रान्सिससाठी पटण्याजोगं.

अनिश्चितता लिहिल्याशिवाय अहवालावर सही करू नका. घटक वेगवेगळे मांडा. उदाहरणार्थ क्षेत्रफळ ०.५ टक्के, वेगाची विभागणी ०.८, मार्गाची लांबी आणि कोन ०.४, वेळ आणि वाचनांचा विखुरलेपणा ०.३. प्रत्येकाचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ: सुमारे १.१ टक्के. ओव्हरहॉलने कार्यक्षमता अर्ध्या टक्क्याने वाढल्याचा दावा कुणी केला, तर या मापाने तो खराही ठरत नाही आणि खोटाही. तिथे त्याच नळ्या, तोच ट्रान्समीटर आणि तोच स्थिरांक ठेवून आधी-नंतर घेतलेली विंटर-केनेडीची तुलना जास्त उपयोगी पडते, मात्र दुरुस्तीत स्पायरल केसिंगला आतून रंग दिलेला नसावा किंवा दाबछिद्रं हलवलेली नसावीत.

अहवालासोबत जोडा: व्यासाची सगळी कच्ची वाचनं, सेन्सरच्या जागांचा तक्ता, शून्य तपासणी, गळतीचा आकडा, रद्द केलेले टप्पे आणि ते का रद्द केले याची नोंद, आणि विसर्ग घनमीटर व क्युसेक दोन्हींत (१ घनमीटर प्रतिसेकंद = ३५.३१५ क्युसेक). व्यासाच्या वाचनांची एक प्रत वीजगृहातच ठेवा, कारण पेनस्टॉक पुन्हा रिकामा व्हायला कित्येक वर्षं लागू शकतात आणि पुढच्या माणसाला तीच लागणार आहेत.